विंडसर्फिंगसाठी कॅम्पर व्हॅन: कोणती घ्यावी आणि आत काय बसवावं?

वारजेकर_मुक्ता
नमस्कार मंडळी,
मला आणि नवऱ्याला विंडसर्फिंगचं वेड. गोव्यात शिकलो, आता फेब्रुवारी ते मे जमेल तेव्हा कोकण गाठतो. सध्या सगळं हॅचबॅकच्या टपावर लादून नेतो. एक फ्रीराइड बोर्ड २४५ सेमीचा, एक जुना डॅगरबोर्डवाला (मधे पाण्यात सोडायची फळी असलेला) २८५ सेमीचा, ५.५, ६.५ आणि ७.५ चौरस मीटरची शिडं, दोन मास्ट (शिडाच्या काठ्या), दोन बूम (हातात धरायचे दांडे), अंगावरचे हार्नेस, आणि आत आठ वर्षांची लेक. ताम्हिणी उतरेपर्यंत पट्टे ताणायला थांबणं आलंच.

आता व्हॅन घ्यायचं ठरतंय. सामान आत, रात्री झोपायची सोय, चहा-पोह्यांपुरता ओटा आणि खारट अंगाने घरी यायला नको म्हणून अंघोळ. बजेट आतल्या कामासकट पंधरा लाख. डोक्यात फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर आणि मारुती ईको आहेत. फोर्सची अर्बानिया आवडली होती, पण ती बजेटच्या पार बाहेर गेली. परदेशातले व्हिडिओ बघून काही उपयोग होईना, त्यांना थंडीची काळजी आणि आपल्याला घामाची. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, ज्यांनी नाही केलं तेही लिहितीलच.

टेंपो_नाना
आधी सांगा, ठेवणार कुठे? उंच टपाची ट्रॅव्हलर बेसमेंटमध्ये जात नाही, आमच्याकडे २.१ मीटरवर लोखंडी बार आहे. आणि रस्त्यावर ठेवलीत की गणपतीत मंडळाची पोरं तुम्हाला ट्रॅव्हल्सवाले समजून तशीच पावती फाडणार.

चिमणराव_२
हसून हसून पुरेवाट.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये "रहिवाशांनी पार्किंगमध्ये स्वयंपाक करू नये" असा ठराव होणार तो वेगळाच.

सागरी_महामार्ग
मुक्ताताई, बहुतेक जण आधी पलंग आखतात आणि मग बोर्ड कुठे मावतोय ते बघतात. उलटं करा. सगळ्यात लांब आणि न दुमडणारी वस्तू कोणती ते ठरवा, व्हॅन ती ठरवते. तुमच्याकडे ती वस्तू म्हणजे २८५ चा जुना बोर्ड. मास्टचं एवढं काही नाही, ४६० चा मास्ट दोन तुकड्यांत येतो, एक तुकडा २३० चा. शिडं गुंडाळली की दोन मीटरच्या आसपास. बूम आखडता येतो. २४५ चा बोर्ड बऱ्याच गाड्यांत तिरका-उभा घालता येतो. २८५ चा मात्र मध्यम गाडीत शिरला की माणसांची जागा खातो.

म्हणून पार्किंगमध्ये खडूने गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन आखा आणि सगळं सामान त्यात मांडून बघा. चाकांवरचे उंचवटे आखायला विसरू नका. पलंग जमिनीपासून साठ-सत्तर सेमी उचलून खाली बोर्ड आडवे सरकवणं ही सर्वांत सोपी रचना. मागचं दार उघडलं की बोर्ड सरळ बाहेर येतो, ओल्या पायाने आत जावं लागत नाही. पलंगाखाली बोर्ड आणि मास्ट, शिडं एका बाजूच्या भिंतीला टांगून, ओलं सामान मागच्या दाराशी.

फॉइलकडे (बोर्डाखाली पंख लावून पाण्याच्या वर उचलला जाणारा प्रकार) वळायचा विचार असेल तर रुंदीही मोजा. ऑलिंपिकमध्ये २०२४ पासून जो आयक्यूफॉइल वर्ग आहे त्याचा बोर्ड लांबीला २२०, पण रुंदीला ९५ सेमी.

विंगवाला_विश्या
मी म्हणतो एवढा खटाटोप कशाला? विंग फॉइल घ्या, म्हणजे फॉइलवाला बोर्ड आणि हातात धरायची फुगवलेली विंग. बोर्ड पावणेदोन मीटरच्या आतबाहेर, विंग हवा काढून पाठपिशवीत, मास्ट नाही, बूम नाही. तुमच्याच हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून सगळं बसेल. उरलेले चौदा लाख मला पाठवा.

सागरी_महामार्ग
विश्या, हा धागा विंडसर्फिंगचा आहे. क्रिकेटच्या धाग्यावर कॅरम सुचवू नकोस.

विंगवाला_विश्या
हलके घ्या हो. पण दहा नॉटच्या वाऱ्यात मी पाण्यावर उडत असतो आणि तुम्ही किनाऱ्यावर ७.५ चा डाउनहॉल (शीड ताणायची दोरी) ओढत असता, एवढंच नोंदवतो.

कलम_बावन्न
आयडीवरून विषय कळला असेलच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. म्हणजे टप कापून उंच करणं, बाजूला खिडकी पाडणं, आसनं कायमची काढून टाकणं हे "गॅरेजवाला म्हणाला चालतं" यावर करू नका.

रीतसर रस्ता आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-परिवहन वाहनांमधला प्रकार आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे. पूर्ण कॅरॅव्हॅन बनवून घ्यायची तर मान्यता असलेल्या बांधणीवाल्याकडून घ्या, वाहनं तपासणारी एआरएआय संस्था तर आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण त्याचा रोख व्यवसाय आणि कॅरॅव्हॅन पार्कवर आहे, तुमच्यासारख्या घरगुती हौशींवर नाही.

मधला मार्ग म्हणजे आरसीला हात न लावता सुटं सामान. बोल्ट न केलेली, उचलून बाहेर काढता येणारी लाकडी पेटी ही सामानच असते. तरी विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्वेअरने आतला ओटा बघून भुवया उंचावण्यापेक्षा आधीचा कागद बरा.

टेंपो_नाना
वकीलसाहेब, अर्धे कॅम्परवाले असेच फिरतात. कोण विचारतंय?

कलम_बावन्न
नाना, घाटात चेकनाक्यावर विचारलं नाही हे खरं. क्लेमच्या टेबलावर विचारतात. तिथे "अर्धे असेच फिरतात" हे उत्तर चालत नाही.

गुहागरची_मावशी
मुक्ता, मी गुहागरला राहते, आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, तेव्हा माझा स्वार्थ आहे हे धरूनच वाच. मार्चनंतर समुद्रकाठी रात्री गाडीत झोपणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना विचार. संध्याकाळी वारा पडला की हवेतला ओलावा तसाच राहतो, डासांमुळे खिडकी उघडता येत नाही, आणि पत्रा दिवसभर तापलेला. आत बसलं की इडलीपात्रात बसल्यासारखं. आमच्याकडे आलेलं एक कुटुंब रात्री अडीचला गाडीतून उठून पडवीत येऊन झोपलं होतं. सकाळी बघते तर नवरा चटईवर, बायको झोपाळ्यावर आणि पोर आमच्या मांजरासोबत.

शिवाय किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. पुळण वरून घट्ट दिसते, चाक फिरलं की खाली जाते, आणि भरतीला वेळ लागत नाही. मग ट्रॅक्टर शोधत गावभर फिरतात, आणि ट्रॅक्टरवाल्याला घाई आहे हे दिसलं की तोही भाव सांगताना घाई करत नाही. सुरुच्या बनाच्या अलीकडे, कुणाच्या तरी वाडीत विचारून ठेवा. बहुतेक हो म्हणतात. पाण्याचे आणि संडासाचे पैसे आपणहून द्या.

बारा_व्होल्ट
मावशींना +१, त्याला आकडे जोडतो.

एसीचं स्वप्न सोडा. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-अवर. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास खातो, वर इन्व्हर्टरची गळती. तासाभरात बॅटरी झोपते आणि तुम्ही जागे राहता. त्याच बॅटरीवर कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज (उन्हाळ्यात सरासरी तीस-चाळीस वॅट धरा), रात्रभर दोन १२ व्होल्टचे पंखे, दिवे आणि मोबाईल एवढं चोवीस तास निघतं.

आता सर्फवाल्यांची खास अडचण. सोलर पॅनल टपावर, बोर्डही टपावर. बोर्डाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन धाडकन खाली येतं. म्हणून बोर्ड वर नेणार असाल तर पॅनल पक्कं बसवू नका, लांब वायरीचं सुटं घ्या आणि गाडी सावलीत, पॅनल उन्हात ठेवा. किंवा पॅनलच नको, चालत्या गाडीतून डीसी-डीसी चार्जरने भरा. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला वीस अँपिअरचा पुरे. पुण्याहून गुहागर सहा-सात तास, तेवढ्यात रिकामी बॅटरी भरते.

वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच घ्या, खाऱ्या हवेत साधं तांबं हिरवं पडतं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. हे सगळं तपकीर गल्लीत मिळतं, फक्त शनिवारी संध्याकाळी जाऊ नका.

मृदगंधा
गॅसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साठतो. बंद गाडीत सिलेंडर ठेवणार असाल तर खालच्या बाजूला हवा जायला भोक हवंच. पुन्हा ते भोक म्हणजे बदल की नाही हे वकीलसाहेब सांगतील. ब्युटेनच्या कार्ट्रिजवाली शेगडी सोयीची, पण भर दुपारी बंद गाडीत कार्ट्रिज सोडून पाण्यात उतरू नका. आम्ही शेगडी बाहेरच लावतो, मागचं दार वर उघडलं की छप्पर होतं. आत शिजवलेल्या फोडणीचा वास शिडांना लागतो हा वेगळा मुद्दा.

चिमणराव_२
लसणाच्या फोडणीचं ६.५. वाऱ्याला पण भूक लागेल.

बोहरी_आळी
फर्निचरवर थोडं. प्लायवूड घेताना त्यावर आयएस ७१० छापलेलं बघा, ते मरीन ग्रेड. आयएस ३०३ स्वस्त पडतं, पण ओले हार्नेस त्यावर पडले की एका मोसमात कडा फुगतात. आणि १८ मिमी सगळीकडे लावू नका. ८ बाय ४ ची १८ मिमीची एक शीट तीस किलोच्या वर जाते. घाट चढताना ते वजन तुम्हीच ओढता. पलंगाच्या फळ्या १२ मिमी, सांगाडा अॅल्युमिनियम प्रोफाइलचा. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये मापात कापून देतात, घरी अॅलन कीने जोडायचं. सुटा सांगाडा, म्हणजे कलम_बावन्नही खूश.

स्क्रू, बिजागऱ्या ३१६ स्टेनलेसच. ३०४ पुण्यात चालतं, हरिहरेश्वरला त्यावर चहाच्या रंगाचे गंजडाग पडतात.

सागरी_महामार्ग
टपावर बोर्ड नेणाऱ्यांसाठी: पट्ट्याला मधे एक पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि महामार्गावर भोंग्यासारखा वाजतो. बोर्ड उलटा, म्हणजे तळ वर, आणि पुढचं वाकलेलं टोक खाली. मास्टसाठी टपावर ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, दोन्हीकडे झाकण. मास्टचे दोन तुकडे जोडताना जोडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारा. नाहीतर वाळू आत अडकते आणि संध्याकाळी मास्ट सुटत नाही. मग दोन माणसं दोन टोकं धरून विरुद्ध पिळतायत, तिसरा जोडावर गरम पाणी ओततोय आणि चौथा सल्ला देतोय, असा कार्यक्रम होतो. न सुटलेला ४६० चा मास्ट परत कसा आणणार याचा विचार करून बघा.

आणखी एक. बोर्ड काळ्या बंद पिशवीत, ओला, बंद गाडीत उन्हात ठेवू नका. एपॉक्सी सँडविच बोर्डाच्या आतली हवा फुगते, थर सुटतो. व्हेंट स्क्रू (आतली हवा सोडायचा) असेल तर गाडीत ठेवताना सैल करा आणि पाण्यात उतरायच्या आधी घट्ट करा. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

गुहागरची_मावशी
अंघोळीचं राहिलं. खतांच्या दुकानात सोळा लिटरचा फवारणी पंप मिळतो, पाठीवरचा. गोडं पाणी भरायचं, दुपारी उन्हात ठेवायचं, कोमट होतं. एका माणसाची अंघोळ, दोन बोर्ड आणि हार्नेस त्यात होतात. नवा कोरा घ्या म्हणजे झालं, आंब्यावर औषध मारलेला उसना नको.

बारा_व्होल्ट
मावशी, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी बारा व्होल्टच्या शॉवरची किंमत बघत बसलो होतो.

खडकवासला_चौपाटी
थोडं अवांतर. एवढं लांब कशाला? पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पुण्याच्या धरणांवर तुफान असतो. समुद्र बंद असताना पानशेत, मुळशी, पवना आहेत की.

सागरी_महामार्ग
वारा आहे, पण डोंगरांमधून येतो. एका मिनिटात आठ नॉट, पुढच्या मिनिटात बावीस. समुद्रावरचा दुपारचा वारा असा हिसके देत नाही. दुसरं, धरणात उतरायला परवानगी लागते, खडकवासल्याचं पाणी तर आपण पितो. पवनेकाठी कॅम्पवाले "उतरा हो" म्हणतात, ती त्यांची परवानगी, खात्याची नाही. विचारून, बोया-दोरीसकट, बरोबर बोट असेल तरच. जूनमध्ये लाल पाण्यात वाहून आलेला ओंडका दिसत नाही.

वारजेकर_मुक्ता
बाप रे, कालपासून इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काही उत्तरं:

नाना, पार्किंग उघडं आहे, पण फक्त एका गाडीचं. म्हणजे व्हॅन आली तर हॅचबॅक जाणार आणि व्हॅन रोज सिंहगड रस्त्यावर ऑफिसलाही जाणार. हा मुद्दा मी लिहिलाच नव्हता आणि तोच सगळ्यात मोठा निघाला.

खडूचा चौकोन काल रात्री आखला. वॉचमनने विचारलं, "ताई, मांडव घालताय का?" २८५ चा बोर्ड मांडल्यावर नवरा आणि मी एकमेकांकडे बघितलं. तो बोर्ड आता फक्त लेक वापरते, तेही शिकायला.

टेंपो_नाना
रोज ऑफिसला नेणार असाल तर ट्रॅव्हलर विसरा असं मीच सांगतो, आणि मी ट्रॅव्हलरचा माणूस आहे. मागच्या चाकांवर चालणारी, घाटात दणकट, आत मान ताठ ठेवून उभं राहता येतं, पण सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला? विंगर चालवायला कारसारखी, पण पुढच्या चाकांवर चालते. मागे सामान भरलं आणि वाळूमिश्रित चढ आला की पुढची चाकं फिरत बसतात. जंगल जेटीचा (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचा) ओला उतार आठवा. वेशवी-बागमांडल्याला मी एका विंगरला मागून चार जणांनी ढकलताना पाहिलंय.

कोथरूडचा_कोळी
ईकोला माझं मत. पाच आसनी, मागे सामानाची मोकळी जागा. एकूण लांबीच ३.६७ मीटर, म्हणजे गल्लीत वळते, आणि तीही मागच्या चाकांवर चालते. एअरबॅग, आवाज, महामार्गावरचा दम याबद्दल नानांशी वाद घालणार नाही. पण सहा-सात लाखांत गाडी, लाखभरात आतलं काम, उरलेल्या पैशात मावशींकडे खोली. शोरूमला मास्टचा अर्धा तुकडा घेऊनच जा आणि डाव्या सीटच्या बाजूने आत सरकवून बघा. माझ्या वेळी सेल्समनला वाटलं आपण पडद्याचा दांडा मोजतोय.

टेंपो_नाना
म्हणजे कॅम्पर व्हॅनचा धागा होमस्टेच्या बुकिंगवर संपला. शाब्बास.

मृदगंधा
नाना, आमची ईकोच आहे. डिसेंबर-जानेवारीत आम्ही तिच्यात झोपतो, छान झोप लागते. मार्चनंतर खोली. दुपारी मात्र बारा महिने तिचाच आधार: वारा दोननंतर भरतो, तोपर्यंत दारं उघडून, पंखा लावून आत पडायचं, पोरांना जेवायला घालायचं, शिडं उन्हात न ठेवता रिग करायचं (शीड-मास्ट-बूम जोडायचं). गाडीचा खरा उपयोग तेवढ्या चार तासांचा आहे. रात्रीसाठी पंधरा लाख घालायची गरज नाही.

सागरी_महामार्ग
मृदगंधांशी सहमत, एक अपवाद. कधीकाळी रामेश्वरमला जायचं डोक्यात असेल, मे ते सप्टेंबरचा नैऋत्य वारा किंवा डिसेंबर-जानेवारीचा ईशान्य, तर चौदाशे किलोमीटर एका बाजूने ईकोत तिघं आणि सामान, ही शिक्षा आहे. तेव्हा मोठी गाडी भाड्याने घ्या किंवा तिथेच बोर्ड भाड्याने घ्या.

वारजेकर_मुक्ता
रामेश्वरम लेक दहावी झाल्यावर बघू. रविवारी नवऱ्याने आणि मी परत चौकोन आखला, या वेळी ईकोच्या मापाचा. २४५ चा बोर्ड टपावर, शिडं आणि मास्ट आत, पलंगाऐवजी सुटी पेटी जिच्यावर गादी टाकून एक मोठा आणि एक छोटा माणूस आडवा होऊ शकतो. दुसरा मोठा माणूस मावशींच्या झोपाळ्यावर. त्यामुळे ईको जवळपास नक्की. जुना डॅगरबोर्ड गोव्याला आमच्या प्रशिक्षकांकडे ठेवणार, लेक तिथेच शिकेल.

आता शेवटचा प्रश्न. नवीन घ्यावी की दोन-तीन वर्षांची जुनी? जुनी बघितली तर काय बघायचं?

टेंपो_नाना
जुनी चालेल, पण किनारपट्टीच्या पासिंगची नको. एमएच ०८ किंवा ०७ दिसलं की दोनदा विचार करा, माणसं चांगली असतात पण पत्रा खाल्लेला असतो. एमएच १२ असली तरी मालक कुठे फिरवत होता ते विचारा. मागचं मॅट उचलायला लावा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. चाकांवरच्या उंचवट्याच्या आतल्या कडेला बोट फिरवा, रंग फुगलेला लागला की खाली गंज आहे. सरकत्या दाराची खालची पट्टी बघा, वाळू आणि पाणी तिथेच साठतं. बरोबर छोटं लोहचुंबक न्या, जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे. शाळेच्या पोरांची ने-आण केलेली गाडी असेल तर सीटच्या खाचांत हात घालू नका, तिथे पहिल्या दिवसापासूनचं च्युइंगगम असतं.

आणि बघायला दुपारी दोनला जा. गाडी उन्हातच उभी करायला सांगा आणि दारं लावून दहा मिनिटं आत बसा, तिघंही.